सामान खाली राहिल्यामुळे

विमा एजंटच्या अर्जात बाकी सगळं मी भराभर लिहिलं. जन्मगाव अकोला, राहणार अमरावती, शिक्षण मॅट्रिक पास, वय त्रेसष्ट. वयाच्या रकान्याशी आले तेव्हा सून तिरप्या नजरेनं बघत होती, सासूबाई दोनचार वर्षं चोरतात का ते. नाही चोरली. मग शेवटचं पान आलं. त्यावर प्रश्न होता, आपणांस कोणत्याही न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे काय. पुढे दोन चौकोन, एक होयचा, एक नाहीचा.

सुनेनं मला न विचारताच पेन नाहीकडे नेलं. मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे ते कोरं."

"काहून आई? नाहीच आहे न?"

"आहे," मी म्हटलं. "माह्यावर केस झालती. शिक्षाबी झाली."

ती आधी हसली. मी हसत नाही हे पाहून तिनं उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, जणू बैठकीत फौजदारच बसला होता. बैठकीत बसले होते ते आमचे हे. कानाला मशीन लावून पेपर वाचत. हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त मास्तर. मशीन लावल्यापासून यांना दारामागचंही ऐकू येतं. तिकडून एक खाकरणं आलं. त्या खाकरण्याचा अर्थ मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. त्याचा अर्थ, सांग आता.

मी नाही सांगितलं. "परीक्षा होऊ दे, मग पाहू," म्हणून ते पान मी शेवयांच्या डब्याखाली ठेवलं. शेवटचं पान परीक्षेनंतर सही करून द्यायचं होतं, तेवढी सवड होती.

या वयात मला एजंट व्हायची हौस काहून आली, हे आधी सांगायला हवं, नाही तर लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला. आमच्या शेजारी ब्लाउज शिवणारी एक बाई राहते. तिचा नवरा अचानक गेला. विमा होता. पण फॉर्म भरताना त्यांना शुगर असल्याचं लिहिलंच नव्हतं, आणि दवाखान्याच्या कागदात शुगर निघाली. दावा नामंजूर. मी तिच्यासोबत तीनदा त्या ऑफिसच्या पायऱ्या चढले. तिसऱ्या वेळी ती पायरीवरच बसली आणि म्हणाली, "काकू, आमी सांगतलं होतं एजंटाले. तो म्हणे, नाही लिहा, सोपं जाते."

नाही लिहा, सोपं जाते. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन मी यांना म्हटलं, "मी होते एजंट." हे म्हणाले, "हो न. अन् मी होतो पायलट." पण दुसऱ्या दिवशी अर्ज आणून दिला यांनीच.

म्हणजे पाहा, खरं लिहिणारी एजंट व्हायला मी निघाले होते, आणि माझ्याच अर्जात एक चौकोन कोरा होता.

आता ती केस.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मॅट्रिक पास, अकोल्यासारख्या शहरातली, पेपर वाचणारी. लग्नाच्या आधी मैत्रिणींना सांगून आले होते की मी काही मान खाली घालून बसणारी सून होणार नाही, मी बरोबरीनं बोलीन. बरोबरी कसली. लग्नाला दोन महिने झाले तरी नवऱ्याला हाक मारायची झाली की मी बांगड्या वाजवायची. ते परसात असले तर बादली वाजवायची. यांचं नाव घेण्याची तर गोष्टच सोडा. माझ्या आईनं सांगितलं होतं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होते. मी पेपर वाचणारी होते, माझा त्यावर विश्वास नव्हता. फक्त नाव तोंडातून निघत नव्हतं, एवढंच.

माहेरपण आटोपून आम्ही दोघं अकोल्याहून पॅसेंजरनं परत निघालो होतो. अंगावर जांभळी नायलॉनची साडी, मांडीवर आईनं दिलेला कुरड्यांचा डबा. मूर्तिजापूरला गाडी थांबली. हे म्हणाले, "आलूबोंडे आणतो, इथले चांगले राहतात," आणि उतरले. मी खिडकीतून पाहत होते. पांढरा शर्ट बोंड्याच्या गाडीपाशी उभा होता. एक गठ्ठेवाला मधे आला. तो सरकला तेव्हा शर्ट नव्हता. आणि गाडी हलली.

शहाण्या मुलीनं काय केलं असतं? पुढच्या स्टेशनावर उतरून वाट पाहिली असती. मी डबा बाकावर आदळला, बाकावर चढले आणि दोन्ही हातांनी साखळीला लोंबकळले. एका हातानं ओढली असती तरी भागलं असतं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं.

गाडी फलाटाच्या पुढे जाऊन उभी राहिली. बाजूला शकुंतला नावाच्या गाडीची छोटी लाइन होती, तिच्यावरच्या शेळ्या मान वर करून पाहायला लागल्या. डब्यातले लोक कावले. कुणी बडनेऱ्याला ड्यूटीवर चालला होता, कुणाला कापसाच्या कामानं लवकर पोहोचायचं होतं. सगळे मलाच बोलत होते. तेवढ्यात गार्ड आला. तो हिंदी बोलणारा, घामेजलेला, हातात वही.

"चेन किसने खींची?"

"मी," मी म्हटलं. बरोबरीनं बोलणारी होते न मी.

"क्यों? क्या छूट गया?"

"हे."

"ये? ये क्या?"

"हे हो. हे खाली राहिले."

त्यानं बाकाखाली वाकून पाहिलं. समोरची एक म्हातारी म्हणाली, "अवं, नाव सांग न नवऱ्याचं." मी मान हलवली. दुसरी बाई म्हणाली, "लाजते बाप्पा ते. उखाण्यात घे न पोरी, उखाण्यात चालते."

आता कुणीही विचारेल, गाडी उभी, गार्ड उभा, अख्खा डबा पेटलेला, अशा वेळी कोण उखाणा घेईल? मी घेतला. लग्नात पाठ केलेला तोच एक येत होता. डोळे मिटले आणि म्हटलं, "कपाशीच्या झाडाले पांढरंशुभ्र बोंड…"

पुढच्या ओळीत यांचं नाव होतं. तिथंच रडू फुटलं. पुढचं काही निघेना.

गार्डानं बाजूच्या माणसाला विचारलं, "क्या बोल रही है?" तो माणूस ड्यूटीवाला, त्याला उशीर होत होता. तो म्हणाला, "कपास बोल रही है साब, कपास." गार्डानं "अच्छा, कपास की गठरी," असं म्हणत वहीत खरडलं. कारण, सामान नीचे रह गया.

आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं गिट्टीवरून हे चालत आले. गाडी सुटताना शेवटच्या डब्यात चढले होते, बडनेऱ्यापर्यंत तिथंच बसून येणार होते. हातात कागदात बांधलेले आलूबोंडे. खिडकीशी येऊन यांनी मोठ्यानं विचारलं, "कोनं वढली हो साखळी? लोकाईले काही अक्कल राहते का?"

सगळा डबा माझ्याकडे पाहायला लागला. यांनीही पाहिलं.

गार्ड मला म्हणाला, "मिल गया क्या सामान?"

यांनी एकदा माझ्या रडक्या तोंडाकडे पाहिलं, एकदा वहीकडे. आणि हे अगदी सभ्यपणे म्हणाले, "हां साब. सामान आ गया."

मला तेव्हा वाटलं, काय हा माणूस, थट्टा सुचते. फार नंतर कळलं की थट्टेत यांनी मला झाकलं होतं. डब्यातल्या लोकांपुढे नवऱ्यासाठी रडणारी नवी नवरी होण्यापेक्षा कापसासाठी रडणारी बाई होणं बरं, असं यांना वाटलं असावं.

बडनेऱ्याला उतरवून माझं नाव लिहून घेतलं. आठ दिवसांनी रेल्वेचे मॅजिस्ट्रेट बसले तेव्हा आम्ही गेलो. सासरी सांगितलं, बडनेऱ्याच्या मावसबहिणीकडे हळदीकुंकू आहे. माझे सासरे वकिलाकडे कारकून होते. दुसऱ्यांच्या केसा ते रोज घरी आणत, पण घरातली केस त्यांना चालली नसती. मी हळदीकुंकवाची साडी नेसूनच कोर्टात उभी राहिले. कारकुनानं वाचलं, सामान खाली राहिल्यामुळे विनाकारण साखळी ओढली. मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

मी म्हटलं, "कबूल." आणि त्यांनी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हटलं, "सामान भेटलं जी."

मागे उभ्या असलेल्या यांनी हळूच म्हटलं, "कबूल केलं बाप्पा इनं. सामानच आहो आता आपण."

दंड झाला. हे भरून आले. कागद मिळाला, तो मी घरी आणून शेवयांच्या डब्यात तळाशी घातला. त्या दिवसापासून हे शाळेतून आले की दारात चपला काढताना म्हणत, "सामान आलं." सासूबाईंना वाटे, मुलगा बाजार करून आला. पिशवी कुठं आहे म्हणून त्या विचारत.

यांना त्यात गंमत होती. मला मात्र आत कुठंतरी खरंच वाटत राहिलं की आपण गुन्हेगार आहो. गल्लीत पोलीस आला की मी उगीच फोडणी टाकायला उठायची. बचत गटाच्या बायांनी अध्यक्ष व्हा म्हणून दोनदा म्हटलं, दोनदा मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत होते. भीती ही की कुठंतरी एखादं रजिस्टर उघडेल आणि त्यात मी निघेन, दोन्ही हातांनी लोंबकळलेली.

असो. प्रशिक्षण झालं. वर्गात मी सगळ्यांत मोठी होते, शिकवणारा मला आजी म्हणे आणि शेवटच्या बाकावरच्या पोट्ट्या मला लोणच्याची कृती विचारत. त्यात एक धडा होता, विमा हा दोन्हीकडच्या खरेपणावर चालतो. विचारलेलं तर खरं सांगायचंच, पण महत्त्वाचं असेल तर न विचारलेलंही सांगायचं. मी ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि घरी येऊन शेवयांच्या डब्याकडे पाहिलंच नाही.

परीक्षा अकोल्याला होती. हे सोबत आले. सोबत यायचं काही कारण नव्हतं, पण यांना म्हणे मी संगणकासमोर एकटी कशी बसते ते पाहायचं होतं. बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर आलं आणि हे उठले.

"कुठं?"

"आलूबोंडे आणतो."

"बसा खाली."

"अवं, आता मी अडुसष्ट वर्षांचा आहो. चालता येते मले."

"चालता येते, चढता नाही येत. अन् या वेळेस तुमी राहिले तर मी साखळी नाही वढणार."

"काहून?"

"लायसनच्या आड येते."

हे बसले. खिडकीतून हात काढून एका फेरीवाल्याकडून दोन घेतले. छोट्या लाइनीवर आता कमरेएवढं गवत होतं, शेळ्या मात्र होत्या. मी एक बोंडा खाल्ला. तिखट होता. यांनी दुसरा अर्धा खाऊन उरलेला माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तो चौकोन. नाही लिहून टाक. चाळीस वर्षांचा कागद कोण पाहते? सोपं जाते."

 यांच्या तोंडून तेच शब्द आले तेव्हा मला शेजारीण आठवली, पायरीवर बसलेली.

पास झाले. किती मार्क ते सांगत नाही, सुनेच्या अंदाजापेक्षा जास्त आणि माझ्या अंदाजापेक्षा कमी. घरी आल्यावर डब्याखालचं पान काढलं, सुनेला समोर बसवलं, सगळी हकिकत सांगितली आणि तिच्यादेखत होयवर खूण केली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "पण आई, लायसन नाही भेटलं तर?"

"नाही भेटलं तर नाही भेटलं," मी म्हटलं. आवाज बरोबरीचा काढला.

आमची ऑफिसर म्हणजे लेकीच्या वयाची बाई, भली. तिनं ते पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, होय लिहिलं की हा अर्ज वरच्या ऑफिसात जातो. तिथून नकारही येऊ शकतो."

"माहीत आहे."

तिनं नियम काढून वाचला. "पैशाची अफरातफर, विश्वासघात, फसवणूक, खोटे कागद. यातलं काही?"

"विश्वासघात थोडासा झालता," शेजारच्या खुर्चीवरून हे म्हणाले. "पण तो मी केला. इले गाडीत बसवलं अन् मी उतरलो."

ऑफिसरला काही कळलं नाही. मी डब्यातला कागद पुढे केला. तिनं तो जपून उघडला, घडीवर फाटायला आला होता. "सामान खाली राहिल्यामुळे," तिनं वाचलं. मग हसून म्हणाली, "हे तर काहीच नाही. एक प्रतिज्ञापत्र जोडा, यात लिहिलं आहे तसंच लिहा, म्हणजे मी वर पाठवते. काय सामान होतं आजी एवढं?"

हे छताकडे पाहायला लागले.

"सामान नव्हतं," मी म्हटलं. "नवरा होता."

तिनं कागद टेबलावर ठेवला. "आजी, कोर्टाच्या कागदावर सामान आहे. प्रतिज्ञापत्रात वेगळं लिहिलं तर वरचे विचारतील, की तेव्हा खोटं बोलल्या का आता. कागदावर आहे तेच राहू द्या. सोपं जाईल."

तिसऱ्यांदा तेच. माणसं वाईट नव्हती हो कुणीच. एजंट सोडला तर बाकीच्या दोघांनाही माझं भलंच पाहिजे होतं. पण मला वाटलं, आज मी या माणसाला शपथेवर सामान लिहिलं, तर उद्या कुणाच्या तरी फॉर्मवर शुगर नाही लिहायला मला किती वेळ लागणार?

"खरं तेच लिहीन," मी म्हटलं. "विचारू दे वरच्याईले."

कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. तो संगणकावर, आम्ही दोघं त्याच्या लाकडी बाकावर. त्यानं माझं नाव टाईप केलं, वय, पत्ता. मग, "मूर्तिजापूर स्थानकावर माझे पती… पतीचं पूर्ण नाव बोला."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी सवयीनं तोंड उघडलं. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, रेशनच्या दुकानात, चाळीस वर्षं माझ्या वतीनं यांचं नाव यांनीच सांगितलं आहे, नाही तर मी कागदावर लिहून दिलं आहे. टायपिंगवाला म्हणाला, "तुमी नाही काका. प्रतिज्ञापत्र काकूंचं आहे, काकूंनी सांगा."

गार्डाच्या वहीपुढे मी एकोणीस वर्षांची होते, इथं त्रेसष्टची. कपाशीचं झाड आठवलं. बोंड आठवलं. झाड, बोंड सगळं बाजूला ठेवलं आणि यांचं नाव घेतलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

टायपिंगवाल्यानं ते टाईप केलं, त्याला काही विशेष वाटलं नाही. यांनी मात्र कानातलं मशीन काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसल्यासारखं शर्टाच्या टोकानं पुसलं, परत घातलं.

"खरखर होते यात," हे म्हणाले. "काय म्हणे तू? ऐकू नाही आलं."

"शपथेवर एकदाच सांगत असतात."

"तसा नियम आहे का?"

"आहे. धड्यात होता."

अर्ज वर गेला. दीड महिना काही कळलं नाही. त्या दीड महिन्यात मी दोनदा ऑफिसात फोन केला आणि दोनदा माझंच नाव सांगायच्या आधी ठेवून दिला. शेजारीण शिलाई मशीनवर बसल्याबसल्या विचारी, "काकू, आलं का?" आणि मी म्हणायची, "येईल न बाई, वऱ्हाडातलं टपाल आहे." मनात म्हणायची, येतं की गाडी पुढे गेली.

शेवटी वरच्यांनी एकच प्रश्न पाठवला. प्रवासी नंतर सापडला काय. ऑफिसरनं लिहून दिलं, सापडला, सोबतच आले आहेत.

कार्ड आलं त्या दिवशी दुपारी मी पापड वाळवत होते. दारात चपलांचा आवाज झाला, पण नेहमीचं 'सामान आलं' ऐकू आलं नाही. हे आत आले आणि लिफाफा माझ्या पिठाच्या हातात दिला. फोटो माझा, जरा चोरासारखा आला आहे, पण माझाच. मी हात पुसले आणि किती तरी वेळ पाहत राहिले. सून झाले, वहिनी झाले, आई झाले, काकू आणि आजी झाले. या सगळ्यांत माझ्या कामासाठी माझं नाव कुणी छापलं नव्हतं.

"वाच न मोठ्यानं," हे म्हणाले. "माह्याजवळ चष्मा नाही."

चष्मा यांच्या डोक्यावर होता.

आपल्याकडे बाईच्या नावाच्या मधे नवऱ्याचं नाव असतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण छापलेलं तेव्हा प्रथमच नीट पाहिलं. माझं नाव, मग हे, मग आडनाव. माझ्या कार्डावर, बरोबर मधल्या जागी, दोन्ही बाजूंनी टेकू घेऊन बसलेले.

मी वाचलं. पहिलं नाव वाचलं, आडनाव वाचलं.

"अन् मधलं?"

"मधलं पुसट छापलं आहे," मी म्हटलं, आणि पापडाकडे वळले.